दार लावून की दार उघडे ठेवून?

१८९३ साली पुण्यात एका उघड्या दारावरून मोठा वाद पेटला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात तरुण विधवा आणि निराधार मुली शिकत होत्या. संस्थेचा खर्च अमेरिकेतली रमाबाई असोसिएशन उचलत होती आणि धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असा शब्द दिलेला होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत लेकीला, मनोरमेला, घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. त्या वेळी खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर गेली, 'केसरी'ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे सरळ होते. मुलींना आपापली पूजाअर्चा, व्रतवैकल्ये करायला सदनात मोकळीक आहे, मग संस्थेच्या संचालिकेनेच आपली भक्ती कडी लावून का करावी? विरोधकांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. जिच्या छपराखाली राहायचे, जिच्या हातचे खायचे, तिच्या देवाकडे एखादी पोरकी मुलगी ओढली गेली, तर त्यातली खुशी किती आणि ओशाळेपणा किती, हे कोण ठरवणार?

ख्रिस्ती माणसाची खासगी भक्ती आणि त्याने दुसऱ्याला दिलेली श्रद्धेची साक्ष यांचे नाते नेमके कसे, हा प्रश्न या दारात उभा आहे. गंमत म्हणजे शास्त्राधार दोन्ही बाजूंना मिळतो, तोही एकाच प्रवचनात. डोंगरावरच्या प्रवचनात येशू खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगतो. त्याच प्रवचनात दिवा मापाखाली झाकू नका, असेही सांगतो. दोन हजार वर्षे चर्च या दोन आज्ञांमध्ये येरझाऱ्या घालत आले आहे. मराठी मुलखातल्या चार शतकांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: माणूस ज्या रीतीने प्रार्थना करतो, त्याच रीतीने तो साक्ष देतो. वादातून श्रद्धेकडे आलेला वाद घालतो, अभंगातून आलेला गातो आणि ज्याला आकडे पाठवायचे असतात तो डोकी मोजतो.

जगभरच्या चर्चमध्ये या नात्याची टोकाची रूपे सापडतात. जर्मनीतल्या हेर्नहुट गावात मोरावियन लोकांनी १७२७ मध्ये पाळीपाळीने अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभरावर वर्षे चालली आणि पाचच वर्षांत त्याच छोट्या वस्तीतून कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांकडे पहिले मिशनरी निघाले. याच्या अगदी उलट टोकाला लिझ्यूची तेरेझा. पंधराव्या वर्षी ती फ्रान्समधल्या कार्मेल मठात गेली, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. धर्मप्रचारासाठी मठाचा उंबरा तिने कधी ओलांडला नाही. तरी १९२७ मध्ये पोपनी तिला मिशनकार्याची आश्रयदात्री संत ठरवले, तेही ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला. पायाला भिंगरी लावून फिरलेला तो आणि चार भिंतींतली ही, यांना एकाच पाटावर बसवणे हा चर्चने स्वतःच दिलेला निवाडा आहे. सहारात तुआरेग लोकांमध्ये राहून त्यांच्या भाषेचा कोश रचणारा शार्ल द फुको १९१६ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याच्या खात्यावर धर्मांतरे जवळजवळ नव्हती. २०२२ मध्ये तो संत घोषित झाला.

मराठीतली कथा गोव्यात सुरू होते आणि तिची सुरुवात गोड नाही. साष्टीत देवळे पाडली गेली, १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू काम करत होता. सत्तेने ख्रिस्ती झालेले लोक त्याच्यासमोर होते. त्यांच्या जिभेवर जुनी पुराणे होती आणि मनात मोठी पोकळी. नव्या ख्रिस्ती लोकांनाही आपल्या भाषेत पुराण हवे, ही मागणी त्याने आपल्या ग्रंथातच एका श्रोत्याच्या तोंडी घातली आहे. १६१६ मध्ये राचोलला छापलेले 'क्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. सक्तीने आत आलेल्या माणसाला निदान भक्ती तरी स्वतःची मिळावी, म्हणून हा खटाटोप होता, असे म्हणायला जागा आहे. सक्तीचा डाग त्याने पुसला जात नाही, पण लोकांनी ते पुराण पिढ्यान् पिढ्या वाचले आणि गायले, हेही नोंदवायला हवे.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत साक्षीचे रूप पार बदलले. आता हातात छापील पुस्तिका होत्या आणि समोर वाद घालायला शास्त्री, मौलवी, पारशी दस्तूर. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या वादसभा गाजल्या. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनारी झाले. त्या वादांचा इंग्रजी वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. या आढाव्यात बोवेन यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण वाद घालणाऱ्या माणसाची आतली बाजू इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले. लवकरच त्यांनी मिशनचा पगार नाकारला. गरीब वस्तीत, बाजाराच्या गजबजाटात एका साध्या खोलीत ते राहिले आणि शिकवण्या करून पोट भरले. 'बॉम्बे गार्डियन' पत्र त्यांनी कित्येक वर्षे चालवले, रोजच्या चिंतनासाठी लिहिलेल्या त्यांच्या टिपणांचे पुस्तक अमेरिकेत आणि इंग्लंडात आवडीने वाचले गेले. रोज ते रस्त्यावर उभे राहून मराठीत उपदेश करत. चाळीस वर्षे. १८८८ मध्ये ते वारले, तेव्हा शहराने त्यांना संत मानले होते, पण त्यांच्या शब्दाने ख्रिस्ती झालेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. कुलाब्याच्या बाजूचे बोवेन मेमोरियल चर्च आजही त्यांचे नाव सांगते. खरी भक्ती असली की फळ आपोआप येते, असे उत्साही प्रवचनकार सांगतात तेव्हा त्यांना बोवेन यांचा पत्ता द्यावा.

वादाच्या वाटेने आलेल्यांत सर्वांत मोठे नाव नीलकंठशास्त्री गोरे यांचे. काशीतला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाला, त्यासाठी त्याने संस्कृतात ग्रंथही लिहिला, आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा नंतरचा ग्रंथ. त्यात हिंदू दर्शनांवर तीच धारदार हत्यारे चालवलेली आहेत. पण शंकांनी त्यांचा पाठलाग शेवटपर्यंत सोडला नाही. कॉवली फादर्स या अँग्लिकन व्रतस्थांच्या संघात ते नवशिके म्हणून राहिले, कायमचे व्रत मात्र घेतले नाही. व्रतस्थाचेच कठोर जीवन जगत ते १८९५ मध्ये वारले. तरीही याच अस्वस्थ माणसाच्या लेखनाने रमाबाईंना ख्रिस्ती सिद्धान्तांकडे वळायला बळ दिले. त्यांची लेक एलन लक्ष्मी गोरे हिने लिहिलेले एकांतप्रार्थनेचे इंग्रजी गीत तर जगभरच्या गीतसंग्रहांत गेले. बाप दारात उभा राहून आयुष्यभर वाद घालत राहिला आणि लेक आतल्या खोलीत जाऊन गायली, एवढेच या घराण्याबद्दल म्हणता येईल.

खुद्द रमाबाईंचा प्रवासही एका उडीत झालेला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून झगडा मांडला. त्रैक्य, चर्चचा अधिकार, खाणेपिणे, क्रुसावरची लॅटिन अक्षरे, कशावरूनही. मिळालेले सत्य कोणाच्या हुकमाने गिळायला त्या तयार नव्हत्या. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र पुण्यात आल्यावर, १८९१ च्या सुमारास भेटला. तारखा जुळवून पाहाव्यात. दार उघडे राहण्याचा वाद त्यानंतर दोनच वर्षांनी झाला. म्हणजे बाप्तिस्म्याची बाई शब्दाला जागून तटस्थ राहू शकली, अनुभव घेतलेल्या बाईला ते जड गेले.

दुष्काळातल्या शेकडो मुली घेऊन केडगावला उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात पुढे तटस्थपणाचा प्रश्नच उरला नाही. ती संस्था उघड ख्रिस्ती होती. १९०५ च्या जूनअखेरीस तिथे जे घडले त्याला मराठी ख्रिस्ती लोक उज्जीवन म्हणतात. वेल्स आणि खासी टेकड्यांतल्या उज्जीवनाच्या बातम्या आलेल्या होत्या, मुलींचे प्रार्थनागट आधीपासून चालू होते. मग एका रात्री रडणे, पापांची कबुली, अंगात आग उतरल्याचे अनुभव, तासन् तास मोठ्याने एकत्र प्रार्थना. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची पेंटेकोस्टल चळवळ याच्या नंतरची, १९०६ ची. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मैत्रिणीकडे गेली आणि १९०९ मध्ये तिथे जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी ती पुस्तिका सांगितली जाते. केडगावच्या माळावरून दक्षिण अमेरिका! रमाबाई स्वतः या गदारोळात सावध होत्या. त्यांनी मुलींना अडवले नाही, पण त्यांचा स्वतःचा वेळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात जात राहिला. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले. त्यांच्या साक्षीतला सर्वांत दमाचा भाग कोणता, याचे उत्तर रसिकाने आपापले द्यावे. या लेखाचे मत बायबलच्या बाजूने आहे.

नारायण वामन टिळक मात्र गाणारे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्या माणसाचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी केवढा आकांत झाला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात असे लिहिले आहे, की वाचणारा एका डोळ्याने रडतो आणि दुसऱ्याने हसतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांचा स्वभाव शीघ्रकोपी, हट्टी आणि उधळा. तरी या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जोर केला नाही, सोवळ्याची सोय करून दिली. लक्ष्मीबाईंचे मन वळले ते त्यांच्या स्वतःच्या वेळेने, जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांना उमगल्यावर. बाप्तिस्मा झाला १९०० साली. साक्षीवर लिहिलेल्या शेकडो मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा हे घर जास्त शिकवते, कारण रोज एकाच छपराखाली राहणारा माणूस प्रवचनाला फसत नाही.

टिळकांच्या भक्तीची मुळे वारकरी होती आणि त्यांनी ती लपवली नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. त्यांची गीते आज 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून जवळपास प्रत्येक मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत म्हटली जातात. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टाळ-मृदंगाच्या साथीने सांगितलेल्या येशूच्या आख्यानाला गावकरी बसत. चौकातल्या उपदेशाला येणारे दगड कीर्तनाला फारसे येत नसत. 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्राचे काव्य टिळकांनी हाती घेतले आणि अपुरे ठेवले. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. एके काळी नवऱ्याच्या हातचे पाणी न पिणाऱ्या बाईने त्याचे काव्य पुरे करावे, हे कादंबरीकाराला सुचले असते तर टीकाकारांनी ते अतिरंजित ठरवले असते.

इथवरची सगळी उदाहरणे एकेका तेजस्वी व्यक्तीची आहेत आणि तिथेच सावध व्हायला हवे. अहमदनगर, सोलापूर, जालना भागांतले बहुसंख्य ख्रिस्ती असे रात्रीच्या झगड्यातून एकटे आलेले नाहीत. महार-मांग वाड्यांतून, सोयऱ्याधायऱ्यांसह, कधी दुष्काळाच्या वर्षांत, कधी शाळेच्या ओढीने, कधी पाटलाच्या जाचाला कंटाळून घरेच्या घरे आली. उच्चवर्णीय टीकाकारांनी त्यांना भाकरीचे ख्रिस्ती म्हटले. काही मिशनऱ्यांनाही खासगीत तसेच वाटे. १९३३ मध्ये अमेरिकन मिशनरी वॅस्कम पिकेट यांनी भारतातल्या अशा सामूहिक धर्मांतरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष चटका लावणारा होता: लोक कोणत्या हेतूने आले, यापेक्षा आल्यावर त्यांना शिकवण आणि उपासना किती मिळाली, यावर पुढचे ख्रिस्ती जीवन जास्त अवलंबून होते. म्हणजे आधी अनुभव, मग साक्ष हा क्रम इथे उलटा होतो. आधी मंडळी, मग गीते, मग अंगवळणी पडलेली संध्याकाळची कौटुंबिक उपासना आणि त्यातून तिसऱ्या पिढीत कुठे तरी स्वतःचा म्हणता येईल असा देव. माणसाची अब्रू हाही आध्यात्मिक अनुभवच असतो, हे ज्याला कधी पाणवठ्यावरून हाकलले गेले नाही त्याला उमगायला वेळ लागतो.

आमिषाचा आरोप तरीही उरतोच. शाळा आणि दवाखाने धर्मांतराची साधने होतात काय, हे तपासायला मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये, राजधानी नागपूर असताना, भवानीशंकर नियोगी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने मिशनांवर कडक ठपका ठेवला. अहवालाची भाषा अनेक ठिकाणी एकतर्फी आहे, असे ख्रिस्ती मंडळी म्हणतात. पण उपकार आणि उपदेश एकाच हातून आला की घेणाऱ्याची नाही म्हणायची ताकद कमी होते, हा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. शारदा सदनाच्या टीकाकारांचा मुद्दाही हाच होता. १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क मान्य केला, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क मात्र त्यात धरला नाही.

या ताणात सर्वांत विलक्षण वाट निवडली ती इंग्रज धर्मगुरू व्हेरिअर एल्विन यांनी. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात सुरू केलेला आणि पुढे पुण्यात स्थिरावलेला ख्रिस्त सेवा संघ हा आश्रमी वळणाचा होता. विन्स्लो हे टिळकांचे चरित्रकार. १९२७ मध्ये एल्विन तिथे आले. मध्ययुगीन इंग्रज ध्यानमार्गाचा त्यांचा अभ्यास होता, त्यावर पुस्तकही होते. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाबरोबर ते मैकल डोंगरांत गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरच्या बिशपांनी सुवार्ताप्रसाराची हमी मागितली. एल्विन यांनी ती दिली नाही. गोंडांची सेवा करू, धर्म बदलणार नाही, हा त्यांचा हट्ट. १९३५ मध्ये त्यांनी चर्चच सोडले. एल्विन यांची प्रार्थना साक्षीवाचून आटली, की चर्चच्या साक्षीच्या व्याख्येत त्यांच्या प्रार्थनेला जागाच नव्हती, यावर अजून दोन मते आहेत. शामराव मात्र डोंगरातच राहिले. त्यांच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिले गेले, ही आपलीच उणीव.

आणि मग मदर तेरेसा. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चक्रावले. कलकत्त्यातले काम सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना प्रार्थनेत अंधाराशिवाय काही जाणवत नव्हते. ज्या बाईकडे पाहून लाखोंना देव आहे असे वाटले, तिला स्वतःला तो वाटत नव्हता. 'भरलेला घडाच सांडतो' हे पाळकांचे आवडते वाक्य या पत्रांपुढे लंगडे पडते.

कॅथलिक चर्चने आपली भाषा तोवर बरीच बदलली होती. १९७५ मध्ये पोप पॉल सहावे यांनी आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचे जास्त ऐकतो, या अर्थाचे लिहिले. २००७ मध्ये बेनेडिक्ट सोळावे चर्च ओढून वाढत नाही, आकर्षणाने वाढते, असे म्हणाले. वसईत ही भाषा अंगी मुरलेली दिसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक कितीतरी वर्षे संपादित केले, हरित वसईच्या लढ्यात ते बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले आणि 'सुबोध बायबल' लिहून साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा काहींनी धर्मांतराचा जुना मुद्दा काढून विरोध केला. आजारी असतानाही ते संमेलनाला गेले.

वसईच्या चारशे वर्षांच्या जुन्या कॅथलिक गावात हे जमते. मराठवाड्यातल्या घरगुती प्रार्थनागटाचे गणित वेगळे आहे. तिथे साक्ष म्हणजे आजारातून बरे झाल्याची, दारू सुटल्याची गोष्ट, शेजारणीने शेजारणीला सांगितलेली. बाप्तिस्मा घ्यावा तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती जातात, म्हणून कितीतरी कुटुंबे येशूची प्रार्थना करतात आणि कागदावर जिथे होती तिथेच राहतात. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, तो नेमक्या अशाच लोकांसाठी खुला होता: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एका पंगतीला. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार मोडला. आज मोठ्या मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजनाला बसता येत नाही, घरगुती गटांत बहुधा कोणी विचारत नाही. राहिला सवलतींचा प्रश्न. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिमांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा की नाही, हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला.